मेलेल्यांची पापं मोजू नका

(25 जुलैच्या दरडींना वर्ष झाले. त्या निमित्ताने महाड-पोलादपूरच्या वाड्यांची सभा झाली. तिथे वसईकडच्या ख्रिस्ती साथींनी मिळून केलेल्या भाषणाचा हा मजकूर. लावणीमुळे ज्या वाड्यांना येता आले नाही, त्यांनी रात्री एकत्र बसून कुणाकडून तरी वाचून घ्यावा.)



लावणी अर्ध्यावर टाकून तुम्ही आलात. म्हणून लांबण लावत नाही, मुद्द्यावर येतो.

गेल्या वर्षी, 2005 साली, 25 आणि 26 जुलैला काय झालं ते आम्ही तुम्हाला सांगायला नको. सावित्री, काळ, गांधारी तिन्ही नद्या चढल्या, महाड पाण्यात गेलं. दासगाव, जुई, रोहन, कोंडीवते इथे डोंगर खाली आला. तिकडे पोलादपुरात कोतवालला आला. दीडशेच्यावर माणसं मातीखाली गेली. त्याच दिवशी मुंबईत सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला, म्हणून सगळ्यांचं लक्ष मुंबईकडे. आपल्याकडे रस्ते तुटलेले, फोन बंद. माणसांनी हातांनी माती उकरली.

वर्षभर आम्ही वाड्यांवर फिरतोय. सगळीकडे एकच प्रश्न विचारला जातो, कधी चारचौघात, कधी चुलीजवळ हळूच: हे कुणाच्या पापाने झालं?

उत्तरं देणारे पुष्कळ आहेत. भगत म्हणतो, गावदेवीचं मानपान चुकलं, देवी कोपली. बाजारात म्हणतात, कलियुग आलं, पाप वाढलं. हातात बायबल घेतलेले काहीजण येऊन सांगून गेले, खऱ्या देवाला ओळखत नाही म्हणून हा कोप. आणि कचेरीतला माणूस देवाचं नाव न घेता म्हणतो, तुम्ही जंगल तोडलंत म्हणून डोंगर आला. चौघांचे कपडे वेगळे, भाषा वेगळी. सांगणं मात्र एकच, की जो मेला त्याचाच दोष.

संघटनेने आम्हाला सांगितलं, तुम्ही ख्रिस्ती आहात, तुमचा धर्म यावर काय म्हणतो ते बोला. म्हणून बोलतो. एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. आम्ही कुणाला धर्म द्यायला आलेलो नाही. तांदूळ आणि ताडपत्री देताना धर्म विचारायचा नसतो. येशूने डोंगरावर हजारो माणसांना भाकरी वाटली, तेव्हा कुणाला जात-धर्म विचारल्याचं शुभवर्तमानात लिहिलेलं नाही. भाकरीच्या बदल्यात नाव बदलायला सांगणारा कुणी आला, तर त्याला हे सांगा.

आता त्या प्रश्नाकडे. येशूच्या वेळी यरुशलेममध्ये शिलोह नावाच्या ठिकाणी एक बुरूज कोसळला. खाली अठरा माणसं मेली. लोक तेव्हाही हेच कुजबुजत होते, की त्या अठरा जणांनी काहीतरी केलं असणार. येशूने लोकांना उलट विचारलं, शहरात बाकी जे राहतात त्यांच्यापेक्षा हे अठरा जास्त पापी होते असं तुम्हाला वाटतं का? आणि त्यानेच उत्तर दिलं, नाही. लूकच्या शुभवर्तमानात तेराव्या अध्यायात हे आहे. जो कुणी दरडीला देवाची शिक्षा म्हणेल आणि हातात बायबल धरलेलं असेल, त्याला तेवढं पान काढून वाचायला सांगा.

पण येशू तिथे थांबला नाही. पुढे तो म्हणाला, तुम्ही मागे वळला नाहीत तर तुमचंही तसंच होईल. काहीजण हे वाक्य धरून परत लोकांना घाबरवतात. आम्ही त्याचा अर्थ असा लावतो: मेलेल्यांची पापं मोजणं बंद करा आणि जिवंत आहात तर आपली चाल बघा. बुरूज पडला, आता आपण काय करणार? हा प्रश्न जिवंत माणसाला आहे. मेलेल्याला नाही.

बायबलमध्ये ईयोब नावाच्या माणसाची मोठी गोष्ट आहे. चांगला माणूस. गुरंढोरं होती, सात मुलगे, तीन मुली. एक दिवस रानाकडून मोठं वादळ आलं, घर पडलं आणि दहाही मुलं त्याखाली गेली. मग अंगभर फोड आले. तीन मित्र भेटायला आले. त्याची अवस्था बघून ते सात दिवस सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर बसले, एक शब्द बोलले नाहीत. तिथपर्यंत ते बरोबर वागले. मग ते बोलायला लागले आणि सगळं बिघडलं. म्हणाले, तू काहीतरी केलंच असशील, देव उगाच कुणाला मारत नाही. ईयोब ऐकेना. म्हणाला, मी हे केलेलं नाही, आणि मी देवालाच जाब विचारणार. गोष्टीच्या शेवटी देव कुणावर रागावला? जाब विचारणाऱ्या ईयोबावर नाही. देवाची बाजू घेऊन शहाणपण सांगणाऱ्या त्या तीन मित्रांवर रागावला.

म्हणजे ज्या बाईचं पोर गाडलं गेलं, ती आभाळाकडे बघून शिव्या देत असेल, तर ती आमच्या धर्माप्रमाणेही पापी नाही. वधस्तंभावर येशूसुद्धा ओरडला, की देवाने मला का टाकलं. जिथे देवाचा पुत्रच "का" विचारतो, तिथे तुम्ही आम्ही विचारलं तर काय बिघडलं?

शिक्षा म्हणणाऱ्यांना आणखी एक विचारू. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. गणपती विसर्जन करून माणसं झोपली होती. भक्ती करून झोपलेल्यांवर दगडी भिंती पडल्या. वसई एके काळी पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. त्यांची राजधानी लिस्बन. तिथे 1 नोव्हेंबर 1755 ला भूकंप झाला, तो सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, चर्चं भरलेली असताना. आणि परवा, 26 डिसेंबर 2004 ला, नाताळच्या दुसऱ्या दिवशी त्सुनामी आली, तेव्हा तामिळनाडूत वेलंकणीला आलेले कितीतरी यात्रेकरू समुद्राने नेले. गणपतीवाले गेले, मेरीमातेचे गेले. भूकंप देव्हारा बघत नाही, डोंगर सातबारा बघून खचत नाही.

चांगल्या हेतूनेसुद्धा ही भाषा वापरू नये. 1934 च्या जानेवारीत बिहारमध्ये मोठा भूकंप झाला. गांधीजी म्हणाले, ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे. अस्पृश्यता हे पापच, यात शंका नाही. पण रवींद्रनाथ ठाकुरांनी त्यांना जाहीर विरोध केला. निसर्गाचा कोप असा पापाला चिकटवू नका, म्हणाले. भूकंपात मेले त्यात स्पृश्य-अस्पृश्य दोन्ही होते. आपल्यालाही मोह होईल, की धन्याच्या पापाने डोंगर आला असं म्हणावं. म्हणू नये. धन्याशी आपलं भांडण जमिनीचं आहे, ते उघड करू. त्यासाठी मेलेल्यांना वापरू नये.

आणि महाडच्या माणसाला तर हे नव्याने सांगायलाच नको. 1927 च्या मार्चमध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी इथेच चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. त्याच वर्षी 25 डिसेंबरला मनुस्मृती जाळली. तुझ्या वाट्याला हाल आले कारण मागच्या जन्मी तू पाप केलंस, हे हजारो वर्षांचं सांगणं होतं. ते या गावात नाकारलं गेलं. दरडीत मेलेल्याला पापी म्हणणं हे त्याच जुन्या सांगण्याचं पिल्लू आहे.

आता चौथं उत्तर, कचेरीचं. याचं उत्तर नीट द्यायला हवं, कारण त्यावर आपली जमीन अवलंबून आहे.

डोंगर कसा येतो? आपल्या डोंगरात खाली काळा कातळ आणि वर कुजलेल्या दगडाची, मुरमाची, मातीची जाड गादी. पाऊस थोडा थोडा पडला तर पाणी निघून जातं. दोन दिवसांत महिन्याचा पाऊस पडला तर गादी पाणी पिऊन जड होते. कातळावर पाणी साचतं आणि वरची गादी उतारावरून सुटते. झाडांची मुळं माती धरतात, हे खरं. पायथा कापला, उतार उघडा केला तर धोका वाढतो, हेही खरं. पण जंगल कुणी तोडलं ते विचारा. कोळसा भट्टीवर कुऱ्हाड कातकऱ्याच्या हातात असते, लाकूड आणि कोळसा ठेकेदाराचा असतो. कातकऱ्याला मिळते उचल, आणि ती फेडायला पुढच्या वर्षी पुन्हा भट्टी. दळीवर नाचणी-वरी पिकवणाऱ्याच्या डोक्यावर सगळ्या सह्याद्रीचं ओझं ठेवणं म्हणजे ईयोबाच्या मित्रांचंच बोलणं. फक्त टेबलाच्या पलीकडून.

पाऊस माणसाने पाडला नाही. पण उताराखाली कोण राहतं, नदीच्या काठाला कोण राहतं, हे माणसांनी ठरवलेलं असतं. धन्याने बस म्हटलं तिथे वाडी बसली. चार पिढ्या झाल्या, तरी घराखालची जमीन आपली नाही. आणि ज्याच्या नावावर घर नाही, त्याचं घर पडलं तरी कागदावर पडत नाही. पंचनाम्यात येत नाही, भरपाईत येत नाही. डोंगर एका रात्रीत खचला. हा अन्याय मात्र वर्षानुवर्षं हळूहळू खचतोय. त्याला कोप म्हणून चालणार नाही. तो माणसांचा आहे आणि माणसांनीच सरळ करायचा आहे.

मग श्रद्धेचा उपयोग काय, असं कुणी विचारेल. पंडिता रमाबाईंचं उदाहरण देतो. त्यांचे आई-वडील दुष्काळात उपासमारीने गेले. घर धार्मिक, तीर्थयात्रा करणारं, पुराणं सांगणारं. पुढे रमाबाई ख्रिस्ती झाल्या. 1896-97 ला मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या स्वतः तिकडे गेल्या, उपाशी मुली-बायका घेऊन आल्या, आणि केडगावला त्यांच्यासाठी मुक्ती सदन उभं राहिलं. भूक काय असते ते त्यांना माहीत होतं, म्हणून त्या गेल्या. आमची श्रद्धा आम्हाला हेच शिकवते. माझंच पोर का गेलं, या आईच्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नाही. ज्याच्याकडे उत्तर आहे असं तो म्हणतो, त्याच्यापासून सांभाळून राहा. लाजराच्या थडग्याशी येशूनेही आधी भाषण दिलं नाही, तो रडला. आपणही आधी जवळ बसावं, मग हात लावून माती उपसावी, मग कचेरीच्या दारात तिच्याबरोबर उभं राहावं. आमच्या लेखी ही प्रार्थनाच.

आता कामाचं. पाऊस अजून संपलेला नाही.

एक. डोंगरावर लक्ष ठेवा. माथ्यावर जमिनीला भेग पडली, झाडं किंवा खांब कलले, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं, कोरड्या जागी नवं पाणी फुटलं किंवा चालू झरा बंद झाला, आतून घरघर ऐकू आली, तर थांबू नका. भांडी राहू द्या. म्हातारी-पोरं घेऊन उतारापासून आणि ओढ्यापासून बाजूला व्हा. जोराच्या पावसात रात्री पाळी लावा.

दोन. वाडीची यादी वाडीनेच करा. प्रत्येक माणूस, तान्हं पोरसुद्धा. भट्टीवर गेलेला कुठे गेलाय तेही लिहा. ज्याचं नाव कुठेच नाही, तो मेल्यावरही सापडत नाही. यादीची एक प्रत वाडीत, एक संघटनेकडे.

तीन. धोक्याची जागा म्हणून उठवायला आले तर ऐकून घ्या. धोका खरा असू शकतो, पोरांच्या जिवापुढे हट्ट नको. पावसापुरतं हलायचं तर लगेच हला. कायमचं हलवायचं म्हणतील तर आधी विचारा, कुठे? नवी जागा कुणाच्या नावावर? दळीपासून किती लांब? हे कागदावर घ्या. 3 मे 2002 ला केंद्राच्या वन खात्याने जंगलातली अतिक्रमणं काढायचा आदेश काढला होता, तो विसरू नका. तेव्हा आपल्याला अतिक्रमणवाले म्हणून उठवायचं होतं, उद्या दरडग्रस्त म्हणून उठवतील. हलू, पण जमिनीसकट हलू.

चार. वनहक्काचं बिल 13 डिसेंबर 2005 ला लोकसभेत आलं. 2006 च्या जुलैपर्यंत ते पास झालेलं नव्हतं. दळीच्या पावत्या, जुने दंडाचे कागद, म्हाताऱ्यांची साक्ष, जे असेल ते प्लॅस्टिकमध्ये बांधून उंचावर ठेवा. गेल्या वर्षी पुरात माणसांबरोबर कागदही गेले.

पाच. ज्या घरात माणूस गेलं, त्या घराला दोषी धरून कुणी वाळीत टाकू नका, दंड लावू नका, कोंबडं-बकरं मागू नका. गावदेवीची पूजा तुमची, तुम्ही जरूर करा. पण दुःखात असलेल्याच्या खिशातून नको.

आज मेलेल्यांची नावं घेऊ. नावं घेताना त्यांच्यापुढे एकच गोष्ट कबूल करू: तुमची पापं आम्ही मोजणार नाही. तुमच्यामागे जे राहिले त्यांच्या पायाखालची जमीन मात्र मोजून घेऊ, हातभर सोडणार नाही.

जिंदाबाद.