जाळाचा आवाज आणि घरांतला दिवा

अहमदपुरास ऐन संध्याकाळीं वीज गेली, म्हणजे चुलीपुढें बसलेल्या गृहिणीच्या मनांत सहज येतें कीं, एवढा जाळ होतो, त्यांतून एक दिवा कां लागूं नये? त्या जाळाचा आधीं आवाज करावा आणि आवाजाची वीज करावी, असा एक मार्ग आहे. तो व्यवहारांत कितपत चालतो, तें पाहूं.

मीटरभर लांबीची, दोन्ही तोंडें उघडी असलेली लोखंडी नळी घ्या. खालच्या चतुर्थांशावर तारेची जाळी बसवा. नळी उभी धरून जाळी लाल होईपर्यंत तापवा व जाळ दूर करा. नळी गाऊं लागते! सेकंदास सुमारें 170 कंपनांचा तो घुमारा जाळी निवेपर्यंत टिकतो. नळी आडवी केली कीं गप्प. कारण वर चढणारा हवेचा प्रवाह थांबतो. राइके यांनीं हें 1859 सालीं दाखविलें. दाबल्या गेलेल्या हवेस त्याच क्षणीं उष्णता मिळाली, व विरळ होतांना ती निघून गेली, तर कंपन वाढतें, हें मर्म लॉर्ड रॅले यांनीं 1878 मध्यें सांगितलें. झोपाळ्यास वेळेवर दिलेला झोका तो हाच.

अमेरिकेंत लॉस अलामॉस येथें बॅकहाउस व स्विफ्ट यांनीं 1999 मध्यें असें एंजिन केलें. त्यांत दट्ट्या नाहीं, झडप नाहीं. तरी उष्णतेचे शंभरांतील तीस भाग ध्वनिशक्तींत उतरले. मात्र आंत हेलियम वायु होता, सुमारें तीस वातावरणांच्या दाबाचा! तो स्वयंपाकघरांत कोण आणणार? इंग्लंडांत नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या पुढाकारानें 2007 पासून चुलीवर असाच प्रयोग झाला. तेथें स्वस्त म्हणून साधी हवा घेतली. उद्दिष्ट शंभरएक वॅटांचें. लाकडाच्या जाळावर हातीं आलेली वीज त्याहून पुष्कळच कमी.

असें कां होतें? कांहीं उष्णता धातूच्या भिंतींतूनच गरम टोकाकडून थंड टोकाकडे जाते, एक सूरही न काढतां. काजळी बसली कीं जाळाची धग आंत पोंचत नाहीं. ध्वनीची वीज करतांना पुन्हां घट येते. आणि थंड टोक थंड ठेवावयास पाणी लागतें. बालाघाटच्या माथ्यावर, वैशाखांत, ही अट मला सर्वांत जड वाटते. तें पाणी वाया जात नाहीं, हें खरें. ऊन होऊन स्नानास येतें, आणि आमच्याकडे ऊन पाण्यासाठीं वेगळें सरपण जाळावें लागतें, तें वांचतें.

तेव्हां अशा चुलीकडून पंख्याची अपेक्षा तूर्त धरूं नये. आजचे एलईडी दिवे मात्र मोजक्या वॅटांवर लागतात. मुलांच्या अभ्यासापुरते एक-दोन तिच्या आवांक्यांत आहेत.