घरात आलेले परीक्षाकेंद्र



परीक्षेतील नक्कल हा विषय नवा नाही. महाराष्ट्राने १९८२ सालीच परीक्षांमधील गैरप्रकारांना प्रतिबंध करणारा कायदा केला. परंतु त्या कायद्यासमोर होते ते केंद्रावरील चित्र : वर्गात फिरणारा पर्यवेक्षक आणि खिडकीतून आत येणारी चिठ्ठी. २०२० मध्ये ते केंद्रच घरात आले.

त्या वर्षी राज्य सरकारने अंतिम वर्षाच्या परीक्षा न घेण्याची भूमिका घेतली होती. २८ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, राज्याला मुदतवाढ मागता येईल. परीक्षेवाचून पदवी मात्र देता येणार नाही. पदवीची प्रतिष्ठा राखणारा हा निर्णय स्वागतार्हच होता. त्यानंतर अनेक विद्यापीठांनी घाईघाईने ऑनलाईन परीक्षा घेतल्या, त्याही बव्हंशी पर्यायी उत्तरांच्या. एका मोबाईलवर प्रश्नपत्रिका, दुसऱ्यावर व्हॉट्सअ‍ॅपचा गट. मित्रांनी प्रश्न वाटून घ्यायचे आणि उत्तरे एकमेकांना कळवायची, असे प्रकार घडले. दोष सर्वस्वी विद्यार्थ्यांचा नव्हे. ज्याचे उत्तर गूगल क्षणात देते, तो प्रश्न घरी बसवून विचारणे ही मुळातच चूक होती. संपर्क मध्येच तुटणाऱ्या गावातील प्रामाणिक मुलगा तर दोन्हीकडून नागवला गेला.

तथापि खरी चिंता वेगळीच आहे. ही नक्कल कोणाच्या देखत झाली? केंद्रावर मुलगा पकडला गेला असता तर ज्या घराची मान खाली गेली असती, त्याच घरात त्या तासाभरात धाकट्यांना गप्प बसवले गेले; प्रसंगी थोरला भाऊ पुस्तक उघडून शेजारी बसला. ‘सगळेच करतात, आपल्याच मुलाने का मागे राहावे?’ हा युक्तिवाद संस्कारांचा अभिमान बाळगणाऱ्या सुशिक्षित घरांतूनही ऐकू आला. तैत्तिरीय उपनिषदाच्या शीक्षावल्लीत, अध्ययन संपवून निघालेल्या शिष्याला आचार्य पहिली आज्ञा करतात ती सत्य बोलण्याची. आचार्यांचे छत्र सुटल्यावरच त्या आज्ञेची कसोटी लागते. २०२२ मध्ये परीक्षा पुन्हा वर्गात घेण्याचे ठरले, तेव्हा अनेक विद्यार्थ्यांनी ऑनलाईनचाच हट्ट धरला. त्यामागे सोय किती आणि सवय किती, हे पालकांना ठाऊक होते.

आज तर लेखन करून देणारी यंत्रेच हाताशी आहेत आणि प्रकल्प घरीच तयार होतात. म्हणून ज्या वस्त्यांत अभ्यासिका चालतात, तेथील कार्यकर्त्यांनी एवढे करावे : सत्र संपण्यापूर्वी पालकांना बोलवावे आणि प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या प्रकल्पातील एक प्रकरण, कागद मिटून, त्यांच्यासमोर दहा मिनिटे समजावून सांगावे. सांगता आले नाही, तर ते प्रकरण त्याने पुन्हा लिहावे. अभ्यासिकेत बसून, स्वतःच्या हाताने.