ग्रंथिज्वर आणि कबड्डीचे मैदान

पावसाळा सरला आणि भाताची कापणी-झोडणी उरकली, की पेण, रोहे, अलिबाग या तालुक्यांतील गावोगावी कबड्डीची मैदाने आखली जातात. एखादा तरुण खेळाडू आठ-दहा दिवस ताप व घसादुखीने अंथरुणाला खिळतो, ताप उतरतो आणि सामना तोंडावर आला म्हणून तो पुन्हा मैदानात उतरतो. बहुतेक वेळा यात काही बिघडत नाही. परंतु तो ताप ग्रंथिज्वराचा असल्यास हीच घाई जिवावर बेतू शकते. शिक्षक व पंचायत सदस्य यांना या आजाराची माहिती असणे इष्ट, ते मुख्यतः या कारणासाठी.

ग्रंथिज्वराचे वैद्यकीय नाव इन्फेक्शस मोनोन्यूक्लिओसिस. १८८९ साली जर्मन वैद्य एमिल फायफर यांनी त्याचे वर्णन केले. १९२० मध्ये अमेरिकेतील स्प्रंट व इव्हान्स यांनी रक्तातील विशिष्ट पांढऱ्या पेशींवरून त्याला आजचे नाव दिले. कारण मात्र दीर्घकाळ अज्ञात राहिले. १९६४ मध्ये लंडन येथे एप्स्टाइन, अचाँग व बार यांना आफ्रिकी मुलांच्या एका कर्करोगाच्या पेशींत नवा विषाणू आढळला. पुढे फिलाडेल्फिया येथील हेन्ले दांपत्याच्या प्रयोगशाळेतील एक कर्मचारी तरुणी आजारी पडली. पूर्वी तिच्या रक्तात या विषाणूविरुद्धची प्रतिद्रव्ये नव्हती, आजारानंतर ती दिसू लागली आणि १९६८ मध्ये ग्रंथिज्वराचे मूळ जगापुढे आले.

हा एप्स्टाइन-बार विषाणू लाळेतून पसरतो. जगातील नव्वद टक्क्यांहून अधिक प्रौढांना त्याचा संसर्ग कधी ना कधी झालेला असतो. भरल्या घरात, एका ताटात जेवणाऱ्या व एका पेल्याने पाणी पिणाऱ्या मुलांना तो बालपणीच गाठतो आणि त्या वयात किरकोळ सर्दीतापापलीकडे काही जाणवत नाही. जे लहानपणी सुटतात, त्यांना पंधरा ते पंचवीस या वयात संसर्ग झाल्यास खरा ग्रंथिज्वर होण्याचा संभव अधिक. कुटुंबे लहान होत आहेत, मुले वसतिगृहांत राहू लागली आहेत. त्यामुळे या आजाराची ओळख आपल्याकडेही असलेली बरी.

संसर्गानंतर चार ते सहा आठवड्यांनी लक्षणे दिसू लागतात. ताप, गिळता न येण्याइतका घसा दुखणे, मानेच्या दोन्ही बाजूंस, विशेषतः मागील भागात, गाठी येणे आणि विलक्षण थकवा ही त्यांतील प्रमुख होत. काहींच्या पापण्या सुजतात, थोड्यांना कावीळ होते. घशातील गाठींवर पांढरट थर दिसतो. येथे एक सावधगिरी हवी. घटसर्पातही घशात थर येतो व मान सुजते, आणि घटसर्पात काही तासांचा विलंबही घातक ठरतो. म्हणून घशात थर दिसताच घरगुती उपायांत वेळ न दवडता डॉक्टरांकडे जावे. दहाव्या व सोळाव्या वर्षी देण्यात येणारी टीडी लस घटसर्पापासून संरक्षण देते. ती मुलांनी घेतली आहे काय, हे शाळेने पाहावे. ग्रंथिज्वरावर लस नाही.

या विषाणूवर गुणकारी औषधही नाही. विश्रांती, भरपूर पाणी, मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या आणि तापासाठी पॅरासिटामॉल एवढाच उपचार. मुलांना ॲस्पिरिन देऊ नये. प्रतिजैविकांचा येथे उपयोग नाही. तरीही घसा दुखला की औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय ॲम्पिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन आणण्याची सवय सर्वत्र आहे. ग्रंथिज्वरात ही औषधे घेतल्यास पुष्कळांच्या अंगावर लाल पुरळ उठतो. घरचे लोक समजतात, की मुलाला पेनिसिलिन सोसत नाही. ही समजूत मग जन्मभर प्रत्येक डॉक्टरला सांगितली जाते आणि पुढे खरी गरज पडेल तेव्हा एक उत्तम औषध नाकारले जाते. वस्तुतः हा पुरळ बहुधा त्या आजारापुरताच असतो.

गुंतागुंत क्वचित होते. घशातील सुजेने श्वास कोंडणे, रक्तपेशी कमी होणे, मेंदूला किंवा मज्जातंतूंना सूज येणे हे प्रकार घडतात, आणि त्यांत रुग्णालयाशिवाय गत्यंतर नसते.

मैदानाशी संबंध येतो तो प्लीहेचा. बोलीत तिला पानथरी म्हणतात. हिवतापात ती वाढते, हे कोकणातील जुन्या माणसांना ठाऊक आहे. ग्रंथिज्वराच्या सुमारे निम्म्या रुग्णांत ती वाढते व नाजूक होते. एरवी ती डाव्या बरगड्यांआड सुरक्षित असते; वाढली की खाली उतरते. चढाईस गेलेल्या गड्याला कंबरेची पकड बसते आणि वर चौघे कोसळतात. अशा वेळी ती फुटली, तर पोटात रक्तस्राव होतो. हे हजार रुग्णांत एक ते पाच जणांच्या बाबतीत घडते, बहुतेक पहिल्या तीन आठवड्यांत, आणि कधी कधी मार न लागताही. म्हणून आजार सुरू झाल्यापासून निदान तीन आठवडे कोणताही खेळ किंवा ओझे उचलण्याचे काम नको. कबड्डी, कुस्ती यांसारखे अंगलटीचे खेळ चार आठवडे तरी बंद ठेवावेत आणि डॉक्टरांनी तपासून अनुमती दिल्यावरच खेळावेत. ताप उतरणे ही अनुमती नव्हे.

पोटात डावीकडे अचानक तीव्र कळ येणे, डावा खांदा दुखणे, घेरी येणे, अंग गार पडणे ही प्लीहा फुटल्याची चिन्हे होत. खांदा दुखतो म्हणून तेल चोळत बसल्यास वेळ जातो. अशा मुलास आडवे ठेवून, काही खाऊपिऊ न घालता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी आणि शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठावे.

आजारी मुलाला वाळीत टाकण्याचे कारण नाही. हा विषाणू बरे झालेल्यांच्या लाळेतही महिनोन्‌महिने असतो. पेला व बाटली वेगळी ठेवली म्हणजे पुरे. थकवा मात्र कित्येक आठवडे रेंगाळतो. अशा विद्यार्थ्याला आळशी ठरवण्यापूर्वी शिक्षकांनी त्याच्या आजाराची चौकशी करावी. मानेतील गाठी तीन-चार आठवड्यांनंतरही उतरल्या नाहीत किंवा वाढत गेल्या, तर क्षयरोगाची तपासणी करून घ्यावी; ती सरकारी रुग्णालयांत विनामूल्य होते.