पायाला भिंगरी

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने सांगितलं, सोसायटीची एखादी आठवण सांगा. माझी पहिली आठवण फुटलेल्या काचेची आहे. माझा मुलगा तेव्हा दुसरीत होता. एका वर्षात तीन खिडक्या फोडल्या, दप्तर तर कितीदा हरवलं! "वहिनी, याच्या पायाला भिंगरी आहे," असं शेजारच्या काकू हसून म्हणायच्या. पण एका सभेत "पोराला आवरा" असं ऐकून मी घरी आले आणि त्याला मारलं. मी स्वतः शिक्षिका, तरी मारलं.

तो चौथीत असताना तेव्हाच्या औरंगाबादला डॉक्टरांना दाखवलं. त्याला ए.डी.एच.डी. होता. म्हणजे लक्ष टिकत नाही, शरीर स्वस्थ बसत नाही आणि विचाराआधी कृती होते. काही मुलांत यातलं एकच जास्त दिसतं. गप्प बसून खिडकीबाहेर बघणारी मुलगी म्हणूनच सुटून जाते. सगळीच मुलं चंचल असतात. पण लक्षणं बाराव्या वर्षाआधीपासून असतील, सहा महिन्यांहून जास्त टिकली असतील, घरी आणि शाळेतही दिसत असतील आणि त्यांनी रोजचं काम अडत असेल, तर तपासणी करावी. हा लाडाचा दोष नाही की बुद्धीचा. तो बराचसा आनुवंशिक असतो.

आनुवंशिक म्हटल्यावर आमच्या घरातली गंमत सांगते. डॉक्टर मुलाबद्दल एकेक प्रश्न विचारत होते आणि हे शेजारी बसून म्हणाले, "अहो, हे तर माझंच चाललंय!" मेंटेनन्सचा चेक लिहून यांच्या खिशातच राहायचा. सचिवांनी लावलेला दंड आम्ही दरवर्षी भरलाय! मोठेपणी धावपळ कमी होते, विसरभोळेपणा आणि कामं अर्धवट सोडणं मागे राहतं.

आपल्या सरोवराला पूर्वी ज्वालामुखीचं विवर समजत. अभ्यास झाला, तेव्हा ते उल्केच्या आघाताचं ठरलं. खड्डा तोच, कारण वेगळं. माझं मुलाच्या बाबतीत तेच झालं. कारण कळलं आणि माझा हात थांबला.

उपाय आहेत. पालकांना प्रशिक्षण, वर्तनोपचार आणि गरज असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीत औषध. घरी एका वेळी एकच सूचना द्यावी, अभ्यासाचे छोटे तुकडे करावे आणि शाबासकी लगेच द्यावी. 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीत ए.डी.एच.डी.चा समावेश आहे. शाळेत पथक आलं की शंका जरूर सांगा. 14416 या 'टेली मानस' क्रमांकावर मोफत सल्लाही मिळतो.

पण आम्हाला खरा आधार मिळाला तो इथेच. तळमजल्यावरच्या आजोबांनी मुलाला गच्चीवरच्या टाकीची मोटर बंद करायचं काम दिलं, सोबत गजराचं घड्याळही दिलं. दोनदा टाकी वाहिली. आपल्या गावात पाण्याची किंमत सगळ्यांना माहीत आहे, तरी आजोबांनी काम काढून घेतलं नाही. तिसऱ्यांदा मोटर वेळेवर बंद झाली. "आपल्यावाचून कोणाचं तरी अडतं" हे त्याला पहिल्यांदा कळलं.

आज तो नोकरीला आहे. मोबाईलमध्ये सहा गजर लावतो, पण वेळेवर पोचतो.

एकच विनंती. पुढच्या वेळी काच फुटली, तर भरपाई जरूर मागा. पण सभेत विषय काढण्याआधी त्या पोराच्या आईकडे चहाला या.