थबकलेला मेघ



हैदराबादेत पुराचा विषय निघाला, की मुसी नदीचे आणि २८ सप्टेंबर १९०८ या दिवसाचे स्मरण होते. त्या महापुरात सुमारे पंधरा हजार माणसे मृत्युमुखी पडली. पुढे विश्वेश्वरय्यांना पाचारण करण्यात आले आणि उस्मानसागर व हिमायतसागर हे जलाशय उभे राहिले. नदीचा पूर अडविण्याचा तो उपाय होता. आज ज्या पुराविषयी मला बोलावयाचे आहे, त्याला नदी लागत नाही. तो धरणांच्या खाली, थेट शहरावर कोसळणाऱ्या पावसातून जन्मतो.

एप्रिल-मे महिन्यांत जमीन तापते, दमट हवा वेगाने वर चढते आणि तिसऱ्या प्रहरी वळवाचा ढग उभा राहतो. वाऱ्याबरोबर तो पुढे सरकला, तर पाऊस दूरवर विभागला जातो. परंतु वरच्या थरांतील वारे मंद असले, तर तो जागीच थबकतो. कधी पहिला ढग सरकतो, तोच त्यातून उतरलेली थंड हवा शेजारच्या उष्ण हवेला वर उचलते आणि त्याच ठिकाणी दुसरा ढग उभा राहतो.

याचा हिशेब साधा आहे. तासाला ६० मिलिमीटर या गतीने बरसणारा ढग पाव तासात निघून गेला, तर १५ मिलिमीटर पाऊस पडतो. तोच दोन तास रेंगाळला, तर १२० मिलिमीटर. एका चौरस किलोमीटरवर १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा कोटी लिटर पाणी. डांबर आणि सिमेंट ते मुरू देत नाहीत. म्हणून पाऊस किती जोराचा, याहून तो किती वेळ थांबणार, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

वादळाची शक्यता सकाळी सांगता येते. ते कोणत्या मोहल्ल्यावर थबकेल, हे मात्र सांगता येत नाही. ढग उभा राहिल्यावर डॉपलर रडार त्याची तीव्रता आणि गती दाखविते व हवामान विभाग पुढील तीन तासांपर्यंतचा तात्कालिक अंदाज देतो. २०२० साली सुरू झालेली दक्षिण आशियाई आकस्मिक पूर मार्गदर्शन प्रणाली मातीतील ओलावाही विचारात घेऊन सहा तासांचा धोका आणि चोवीस तासांची जोखीम वर्तविते. तथापि नाल्याच्या तोंडाशी अडकलेला कचरा रडारला दिसत नाही.

२९ एप्रिल २०२३ रोजी सिकंदराबादेत सकाळच्या अवकाळी पावसात एक शाळकरी मुलगी उघड्या नाल्यात पडून दगावली. १४ सप्टेंबर २०२५ च्या रात्री येथून जवळच, अफझलसागर नाल्यात दोघे वाहून गेले. महिना निराळा, परंतु घात तोच: थोड्या वेळात, थोड्या जागेवर पडलेला पाऊस.

येथे शास्त्राचे काम संपते आणि आपले सुरू होते. आपल्या वस्तीतील सखल जागा, उघडी झाकणे, तुंबणारे नाले यांची माहिती रहिवाशांइतकी कोणालाच नसते. ती उन्हाळ्यापूर्वीच लिहून ठेवावी, पालिकेला कळवावी. आणि इशारा मिळताच तो तेलुगू, उर्दू, मराठी, ज्याला जी भाषा कळेल त्या भाषेत, नाल्याकाठच्या शेवटच्या घरापर्यंत पोहोचवावा. १९०८ नंतर या शहराने धरणे बांधली. थबकलेल्या मेघापुढे धरण चालत नाही. तेथे हाती असतो तो केवळ अर्धा-पाऊण तास. तो वाया न घालविणे, हेच आपले धरण.