जातं गहाण घेऊ नये

चुलीपुढं बसून ऐकणाऱ्या, रानात तुरीच्या शेंगा तोडता तोडता ऐकणाऱ्या सगळ्या आयाबायांना आमचा नमस्कार.

अहमदपूरपासून लोह्यापर्यंतच्या काही गावांत आम्ही बचत गटांचं काम बघतो. नाताळ आठ दिवसांवर आलाय, म्हणून रेडिओच्या ताई म्हणाल्या, यावेळी बायबलमधलं काहीतरी सांगा. आमच्यातल्या निम्म्याहून जास्त जणी ख्रिस्ती आहेत, पण पाळक कुणीच नाही. प्रवचन आम्हाला येत नाही. आमच्या हातून एक चूक झाली आणि ती बायबलच्याच एका ओळीनं आम्हाला दाखवली, तेवढं सांगतो.

विषय आहे मनातली मूर्ती. मूर्ती म्हटल्यावर काही जणींच्या कपाळाला आठी पडेल. पण आज कुणाच्या देव्हाऱ्याबद्दल बोलायचं नाही. ज्या घरात देव्हारा नाही, भिंतीवर फक्त क्रूस आणि कॅलेंडर आहे, त्या आमच्याच घरांबद्दल बोलायचं आहे.

बायबलात यहेज्केल नावाच्या संदेष्ट्याचं पुस्तक आहे. त्याच्या १४व्या अध्यायात इस्राएलचे काही वडीलधारे त्याच्यापुढं येऊन बसतात. देवाचं म्हणणं काय आहे ते त्यांना विचारायचं असतं. वरून बघणाऱ्याला वाटेल, किती भाविक माणसं! पण देव संदेष्ट्याला सांगतो की या लोकांनी मूर्ती मनात बसवल्या आहेत. म्हणजे विचारायला आले खरे, पण उत्तर घरूनच ठरवून आले. आपणही असं करतो. एखादीला विचारतो, 'हे करू का गं?' ती नको म्हणाली की दुसरीकडं जातो. हो म्हणणारी भेटेपर्यंत गावभर फिरतो. बायबल वाचतानाही माणूस तसाच फिरतो. हवी ती ओळ सापडली की पुस्तक मिटतो.

आता आमचं ऐका.

आमच्या एका गटात अकरा जणी. पंचसूत्री काटेकोर. बैठक वेळेवर, बचत वेळेवर, वही लिहिलेली, आणि परतफेड शंभर टक्के. बँकेत गेलं की साहेब खुर्ची द्यायचे. मेळाव्यात आमच्या गटाचं नाव पहिल्यांदा घ्यायचे. आम्हाला त्याचा फार अभिमान. सांभाळणाऱ्या आम्हीच होतो ना!

त्याच गटातल्या एका विधवा बहिणीनं पंधरा हजारांचं कर्ज काढून शिलाई मशीन घेतलं. पिको-फॉल, ब्लाउज, शाळेचे गणवेश. वर्षभर हप्ता चुकला नाही. मग एका वर्षी काढणीच्या वेळी पाऊस आला. सोयाबीन काळं पडलं. गावात कुणाच्याच हातात पैसा नाही, तर ब्लाउज शिवायला कोण टाकणार? त्यात तिच्या पोराला कावीळ झाली. तीन हप्ते थकले. आणि तेव्हाच आमच्या गटाच्या दुसऱ्या मोठ्या कर्जाची फाइल बँकेत जायची होती. थकबाकी दिसली तर फाइल अडणार, नाव जाणार.

आम्ही पाच जणी तिच्या दारात गेलो. रागावलो नाही, प्रेमानंच बोललो, असं आम्हाला तेव्हा वाटलं. आमच्यातल्या एकीनं स्तोत्रसंहिता उघडून ३७व्या स्तोत्राची २१वी ओळ दाखवली. दुष्ट माणूस उसनं घेतो आणि फेडत नाही, अशा अर्थाची. ती काही बोलली नाही. दोन दिवसांनी मशीन विकलं, साडेचार हजाराला. हप्ते भरले. आम्ही वहीत लिहिलं, थकबाकी निरंक. फाइल गेली, कर्ज मंजूर झालं.

ती बैठकीला यायची बंद झाली. दुसऱ्याच्या रानात रोजानं जायला लागली. आम्ही म्हणालो, लाजते असेल, येईल.

महिन्याभरानं बैठकीत एक आजी बोलल्या. आजींना वाचता येत नाही. लहानपणी त्यांच्या वस्तीवर एक बायबलबाई यायची, घरोघरी जाऊन बायकांना वाचून दाखवायची. आजी म्हणाल्या, "त्या पुस्तकात जात्याचं काहीतरी होतं की गं. शोधा बघू." आम्हाला कुणालाच आठवेना. शेवटी त्यांच्या दहावीतल्या नातीनं मोबाइलवर शोधून काढलं. अनुवाद, अध्याय २४, ओळ ६. कर्जापायी कुणाचं जातं, किंवा जात्याची नुसती वरची तळीसुद्धा, गहाण घेऊ नये, कारण तो त्या माणसाचा जीवच गहाण घेतल्यासारखा आहे. पुढं त्याच अध्यायात १७व्या ओळीत विधवेचं वस्त्र गहाण घेऊ नये असंही आहे.

जातं म्हणजे काय ते आपल्याला सांगायला नको. वरची तळी काढून नेली तर खालची काय कामाची? त्या घरात दुसऱ्या दिवशी भाकरी होणार नाही. आजी म्हणाल्या, "आता जाती गेली. तिचं जातं म्हणजे ती मशीन होती."

कुणी मान वर केली नाही. मग त्या नातीनं ३७वं स्तोत्र काढलं आणि आम्ही तिच्या दारात वाचलेली ओळ पूर्ण वाचली. ओळ तिथं संपतच नव्हती. पुढं आहे की नीतिमान माणूस दया करतो आणि देतो. आम्ही अर्धीच ओळ वाचली होती. ज्या अर्ध्यानं ती गुन्हेगार ठरत होती तो अर्धा वाचला, आणि जो आम्हाला लागू होता तो सोडला. मुद्दाम सोडला असं नाही. तो दिसलाच नाही. शंभर टक्क्यांची मूर्ती आमच्या मनात बसली होती, आणि तिच्या आडून जेवढं दिसलं तेवढंच वाचलं.

तुम्ही म्हणाल, परतफेड करणं वाईट आहे का? नाही. परतफेडीवरच गट उभा असतो. बुडव्याला गटात थारा नको. पण चांगल्या वस्तूचीही मूर्ती होते, किंबहुना चांगल्याचीच लवकर होते. बायबलात मोशेनं पितळेचा साप केल्याची गोष्ट आहे. रानात सापांनी चावलेली माणसं त्याच्याकडं बघून वाचली. पुढं लोक त्याच सापापुढं धूप जाळायला लागले. तेव्हा हिज्कीया राजानं तो फोडून टाकला. जीव वाचवणारी वस्तूच फोडायची वेळ आली.

आपल्या महाराष्ट्रातल्या दोन बायांची आठवण इथं सांगावीशी वाटते. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. विधवांसाठी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं. एवढ्या विद्वान, एवढं काम केलेल्या बाई. त्यांनी पुढं आपल्या अनुभवात लिहिलं की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना कळलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता. धर्म हीच मूर्ती होऊ शकते, हे त्यांनी स्वतःबद्दल कबूल केलं. मग साध्या बायकांना समजावं म्हणून त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून बायबलचं सोपं मराठी भाषांतर केलं. दौंड तालुक्यात केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या बायामुलींनी त्याची छपाई केली. १९२२ साली रमाबाई गेल्या, आणि १९२४ साली ते पूर्ण बायबल निघालं. रमाबाईंना वाटायचं, बाईनं स्वतः पूर्ण वाचावं. अर्ध्या ओळीवर कुणी तिला गप्प बसवू नये. आणि आम्ही बायकांनीच एका बाईला अर्ध्या ओळीवर गप्प बसवलं.

दुसऱ्या लक्ष्मीबाई टिळक. त्यांचे यजमान, कवी नारायण वामन टिळक, १८९५ साली ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या. परत एकत्र आल्यावरही त्यांनी आपलं सोवळंओवळं सोडलं नाही. पाणी वेगळं, स्वयंपाक वेगळा. हे सगळं त्यांनी 'स्मृतिचित्रे'त मोकळेपणी लिहिलंय. मग त्यांच्याच मनानं घेतलं की माणूस देवानं केला, जाती माणसानं केल्या. त्यांनी शिवाशीव सोडली. १९०० साली बाप्तिस्मा घेतला तो त्यानंतर. म्हणजे मूर्ती आधी बाहेर काढली आणि मग देवळात गेल्या.

आमच्याकडं बऱ्याच घरांत उलटं झालंय. बाप्तिस्मा होऊन तीन पिढ्या झाल्या, पण सोयरीक जुळवताना पहिला प्रश्न अजून तोच, 'मूळचे कोण?' रविवारी एका बाकावर बसतो, आणि लग्नाच्या वेळी बाक वेगळे. घरातही बघा. पत्नीनं पतीच्या अधीन असावं ही इफिसकरांच्या पत्रातली ओळ प्रत्येक नवऱ्याला पाठ. त्याच्या आदल्या ओळीत दोघांनीही एकमेकांच्या अधीन असावं असं आहे, आणि थोडं पुढं नवऱ्यानं बायकोसाठी जीव द्यावा इतकी प्रीती करावी असं आहे. त्या ओळी कुणाला पाठ नाहीत. हुंड्याच्या बैठकीत तर पुस्तकच उघडत नाहीत. कलस्सैकरांच्या पत्रात पौल सरळ लिहितो की लोभ हीच मूर्तिपूजा.

मग आपल्या मनातली मूर्ती ओळखायची कशी? आमच्या गटानं तीन प्रश्न ठरवलेत. तुम्ही कुठल्याही धर्माच्या असा, विचारून बघा. पहिला, आपल्या घरात किंवा गटात कोणत्या गोष्टीबद्दल कुणी प्रश्न विचारलेला आपल्याला खपत नाही? दुसरा, काय जाईल म्हणून सगळ्यात जास्त भीती वाटते? तिसरा, ते सांभाळताना कोणाचं नुकसान झालं तरी आपल्याला चालतं? तिसऱ्या प्रश्नाला एखाद्या बाईचं नाव आठवलं, तर मूर्ती सापडली असं समजा.

आम्हाला नाव आठवलं. आम्ही पुन्हा तिच्या दारात गेलो, यावेळी अकराच्या अकरा वजा ती एक, म्हणजे दहा जणी. माफी मागितली. तिचं मशीन परत मिळालं नाही, ते परगावी गेलं होतं. प्रत्येकीनं थोडे थोडे घालून जुनं मशीन घेऊन दिलं. ते पहिल्यासारखं चालत नाही, दोरा तुटतो, असं ती म्हणते. आम्ही ऐकून घेतो. बैठकीला ती येते, पण दाराजवळ बसते. ते बदलायला वेळ लागेल, आणि तो किती लागावा हे आम्ही ठरवायचं नाही.

गटाच्या नियमात आता एक ओळ वाढवली आहे. हप्ता थकला की वसुलीला जायच्या आधी दोन जणींनी घरी जाऊन चूल बघायची, आणि कुणाचंही पोट भरायचं साधन हप्त्यासाठी विकायला लावायचं नाही. मशीन असो, शेळी असो, भाजीचा गाडा असो. हप्ते पुढं ढकलायचे, बँकेत जाऊन खरं सांगायचं. मागच्या सहामाहीत आमची परतफेड शंभर टक्के झाली नाही. मेळाव्यात नाव मागं गेलं. पहिल्यांदा फार लागलं, खोटं कशाला सांगू?

नाताळात घर सारवाल, रंगवाल, कोपरान् कोपरा झाडाल. तेव्हा आपल्या गावात कुणाचं जातं कुणाकडं अडकून पडलंय का, तेही एकदा बघा. सगळ्यांना नाताळच्या शुभेच्छा. नमस्कार.