कामगाराचा विमा आणि गावकारभारी
(पंचायत सदस्य, शिक्षक व कर्मचारी यांच्यासमोर दिलेले भाषण)

चाकण, वाळूज किंवा बुटीबोरी यांसारखी औद्योगिक वसाहत उभी राहिली की आसपासच्या खेड्यांतील तरुण पहाटेच्या गाडीने कामावर जाऊ लागतात. महिनाअखेर त्यांच्या हाती वेतनचिठ्ठी पडते व तिच्यात शेदीडशे रुपयांची एक बारीकशी कपात दिसते. ही कपात कसली, असे विचारले असता ‘ईएसआयची’ एवढे उत्तर बहुतेक जण देऊ शकतात. तिच्या मोबदल्यात काय मिळते, हा प्रश्न मात्र घरात कोणी आजारी पडेपर्यंत सहसा निघत नाही, आणि तोवर पुष्कळदा उशीर झालेला असतो. गावात ज्याच्याकडे चार कागद वाचून घेण्यासाठी माणसे येतात तो शिक्षक, ग्रामसेवक वा पंचायत सदस्य यांना ही योजना माहीत असणे म्हणूनच अगत्याचे आहे.

योजनेचा इतिहास थोडक्यात सांगता येईल. दुसरे महायुद्ध चालू असतानाच, मार्च १९४३ मध्ये, औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याचा आराखडा तयार करण्याचे काम प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे सोपविण्यात आले. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे होते. अडारकरांनी १९४४ मध्ये अहवाल सादर केला. त्यांचा प्रथम विचार कापड, इंजिनिअरिंग आणि खनिज व धातू या तीन उद्योगांपुरताच होता. स्वातंत्र्यानंतर १९४८ साली कायदा झाला, २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजनेस प्रारंभ झाला आणि १९५४ मध्ये ती नागपूर व मुंबई येथे आली. परळचे महात्मा गांधी स्मारक रुग्णालय गिरणगावातील जुन्या माणसांना ठाऊक आहे ते या योजनेमुळेच. १९४८ चा कायदा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला असून ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली आहे. योजनेचा मूळ सांगाडा मात्र कायम आहे.

दहा किंवा अधिक माणसे कामावर असलेल्या आस्थापनेतील, दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेला कामगार या योजनेत येतो. अपंग कामगारांसाठी ही मर्यादा २५,००० रुपये आहे. कामगाराने वेतनाच्या पाऊण टक्का व मालकाने सव्वातीन टक्के अंशदान द्यावयाचे असते. १५,००० रुपये वेतन असलेल्या कामगाराचे उदाहरण घेतल्यास त्याच्याकडून ११३ रुपये कापले जातात आणि मालक ४८८ रुपये भरतो. ज्याचे सरासरी रोजचे वेतन १७६ रुपयांहून अधिक नाही त्याच्याकडून काहीच घ्यावयाचे नाही, मालकाचा हिस्सा तेवढा भरला जातो. मालकाचा हिस्सा कामगाराच्या वेतनातून कापता येत नाही. हे मुद्दाम सांगावे लागते, कारण काही मुकादम ‘दोन्हीकडचे तुझ्याच पगारातून’ असे सांगून मोकळे होतात व नवखा मुलगा ते खरे मानतो.

या अंशदानाच्या बदल्यात काय मिळते ते आता पाहू. विमायोग्य नोकरी सुरू झालेल्या दिवसापासून कामगाराला व त्याच्या कुटुंबाला औषधोपचार मिळतो. अमुक लाखांपर्यंतच खर्च, अशी मर्यादा त्यावर नाही. खासगी विम्याच्या जाहिराती पाहून या योजनेला कमी लेखणाऱ्यांच्या ही गोष्ट ध्यानात येत नाही. परंतु कुटुंबातील माणसांची नावे नोंदविलेली असावी लागतात. नोकरीला लागताना अर्जात आईवडिलांची नावे लिहावयाची राहून गेली, आणि पुढे वडिलांवर शस्त्रक्रियेची वेळ आली तेव्हा धावपळ झाली, असे पुष्कळ घरांत घडते. लग्न झाले, मूल झाले की नोंद करून घ्यावी, एवढे जरी गावात कोणी सांगितले तरी अशी धावपळ टळेल.

आजारपणातील रोख लाभ हा दुसरा भाग होय, आणि लोकांचा घोटाळा होतो तो येथेच. अंशदानाचे दोन काल आहेत : एप्रिल ते सप्टेंबर व ऑक्टोबर ते मार्च. पहिल्या कालातील अंशदानावर पुढील जानेवारी ते जूनमध्ये, तर दुसऱ्यातील अंशदानावर जुलै ते डिसेंबरमध्ये लाभ मिळतो. त्यासाठी अंशदान कालात किमान ७८ दिवसांचे अंशदान जमा झालेले असावे लागते. अशा कामगाराला आजारपणात रोजच्या सरासरी वेतनाच्या ७० टक्के रक्कम वर्षातून ९१ दिवसांपर्यंत मिळते. वरील उदाहरणातील कामगाराचा रोज ५०० रुपये धरला तर ही रक्कम दिवसाला ३५० रुपये होते. पहिले दोन दिवस सामान्यतः धरले जात नाहीत, म्हणजे दहा दिवसांच्या तापात त्याला २,८०० रुपये मिळतील. क्षय, कर्करोग यांसारख्या ३४ दीर्घ आजारांत, दोन वर्षांची विमायोग्य नोकरी व पुरेसे अंशदान असल्यास, ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत साहाय्य मिळू शकते. क्षयाचा रुग्ण दोन महिन्यांत बरे वाटले म्हणून औषध सोडून कामावर जातो, त्याचे कारण बहुधा घरातील रिकामा डबा हेच असते. अशा घराला या तरतुदीची माहिती असणे औषधाइतकेच मोलाचे आहे.

हा लाभ मिळण्यासाठी दाखला योजनेच्या डॉक्टरचा लागतो. गावातील खासगी डॉक्टरने दिलेली चिठ्ठी कारखान्यात रजेसाठी चालत असेल, पण रोख लाभासाठी ती सहजासहजी मान्य होत नाही. ताप उतरल्यावर मागाहून दाखला आणू, असे म्हणणाऱ्याचे दिवस वाया जातात. दवाखाना दूर असणे ही यातील खरी अडचण होय, आणि ती लपविण्यात अर्थ नाही. योजना कारखान्यांच्या मागोमाग गेली, कामगार मात्र राहतो खेड्यात. वैद्यकीय सेवा राज्य शासन चालविते व ठरीव मर्यादेतील खर्चाचा सात अष्टमांश भाग महामंडळ सोसते. तेव्हा दवाखान्याची मागणी दोन्हीकडे करता येते. ती करताना पंचायतीने आपल्या गावातील विमाधारकांची यादी सोबत जोडली तर मागणीला वजन येते.

प्रसूतीसाठी २६ आठवडे पूर्ण वेतन मिळते. दोन अपत्ये हयात असल्यास मात्र १२ आठवडे. आधीच्या दोन अंशदान कालांत ७० दिवसांचे अंशदान ही त्याची अट आहे. रोज ५०० रुपये मिळविणाऱ्या स्त्रीला २६ आठवड्यांचे ९१,००० रुपये होतात.

अपघाताच्या बाबतीत मात्र अशी कोणतीही पूर्वअट नाही. कामावर पहिल्याच दिवशी यंत्रात हात सापडला तरी तो कामगार हक्कदार असतो. तात्पुरत्या अपंगत्वात बरे होईपर्यंत वेतनाच्या ९० टक्के, कायम अपंगत्वात वैद्यकीय मंडळ ठरवील त्या प्रमाणात आजन्म, आणि मृत्यू झाल्यास अवलंबितांना ९० टक्के दराने निवृत्तिवेतन मिळते. घरातून कामावर जाताना वा परतताना झालेला अपघातही, नोकरीशी त्याचा संबंध दिसत असल्यास, यात धरला जातो. पहाटे दुचाकीवरून जाणाऱ्या तरुणांच्या घरी ही गोष्ट ठाऊक असलीच पाहिजे. असा अपघात केवळ मोटार अपघात म्हणून पोलिसांत नोंदला जातो आणि विम्याचा दावा राहूनच जातो.

ठेकेदाराकडील कामगारांचा प्रश्न सर्वांत बिकट आहे. कपात होते पण भरणा होत नाही, किंवा नोंदणी अपघातानंतर होते, अशा तक्रारी याच वर्गातून येतात. मालकाने अंशदान भरले नाही म्हणून कामगाराचा हक्क बुडू नये, अशी कायद्याची भूमिका आहे. महामंडळ लाभ देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. परंतु आपण तेथे कामाला होतो हे सिद्ध करण्याचा पुरावा कामगाराकडे हवा : वेतनचिठ्ठी, हजेरीची नोंद, बँकेत जमा झालेला पगार. विमा क्रमांक मिळाला नसेल तर तो पहिल्याच महिन्यात मागून घ्यावा. कार्यालयांचेही येथे काम आहे. सफाई, पहारा किंवा वाहन चालविण्याची कामे ठेक्याने देणाऱ्या अधिकाऱ्याने बिल मंजूर करण्यापूर्वी अंशदानाच्या चलनासोबत कामगारांची नामवार यादी मागितली, तर कोणाचे नाव गळले ते तेथेच कळते. नुसत्या चलनावर एकूण रक्कम असते, माणसे दिसत नाहीत.

वेतन २१,००० रुपयांच्या वर गेले तरी कामगार त्या अंशदान कालाच्या अखेरपर्यंत योजनेतच राहतो. किमान पाच वर्षांची विमायोग्य नोकरी करून निवृत्त झालेल्यास वर्षाला १२० रुपये भरून स्वतःसाठी व पत्नीसाठी वा पतीसाठी औषधोपचार चालू ठेवता येतो. त्यासाठी शाखा कार्यालयात अर्ज द्यावा लागतो, आणि नोकरीचे जुने कागद तोपर्यंत जपून ठेवावे लागतात.